पाच वर्षांच्या मुलीसोबत पवित्र शास्त्र कसं वाचावं?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साडेपाच वर्षांची आहे. रोज रात्री झोपण्याआधी उत्पत्ती ह्या पहिल्या पुस्तकापासून क्रमाने एकेक अध्याय वाचायला घेतला. जलप्रलयात तारू नावाच्या जहाजातून वाचलेल्या नोहाच्या गोष्टीपाशी आल्यावर मुलीने विचारलं, "मग बाकीची बाळं बुडाली?" आईला काय सांगावं सुचेना. तेव्हापासून मुलगी वाचायला बसायची टाळाटाळ करते. सासूबाई म्हणतात, आधी वचनं पाठ करून घे, अर्थ मागाहून कळेल. नवरा म्हणतो, मोठी झाली की तिचं ती ठरवेल, आत्तापासून कशाला? शेवटी या आईने लिहिलंय की हल्ली तिचा स्वतःचाच विश्वास डळमळतोय, अशा वेळी मुलीला शिकवायला बसणं खोटेपणाचं वाटतं.

ताई, तुमची मुलगी मन लावून ऐकत होती, म्हणून तिने तो प्रश्न विचारला. न ऐकणारं मूल तारवातल्या जिराफाबद्दल विचारतं आणि झोपी जातं. हिने तारवाच्या बाहेर पाहिलं. तेव्हा वाचन फसलं असं कृपा करून समजू नका. वाचायला काय घ्यायचं आणि कसं, एवढाच बदल करायचा आहे.

संडे स्कूलच्या सर्वांत लहान वर्गाला मी बरीच वर्षं शिकवत आले आहे आणि घरच्या वाचनाबद्दल आईवडिलांशी सतत बोलणं होतं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. मुलासोबत शास्त्र वाचायचं ते देव कसा आहे हे त्याला दिसावं म्हणून. त्याने कसं वागावं हे सांगायचं साधन म्हणून ते वाचन वापरलं की मूल पहिल्या आठवड्यातच ओळखतं, की हा उपदेशाचा तास आहे, आणि अंग काढून घेतं. दावीद आणि गल्याथाची गोष्ट वाचून "बघ, तू पण धीट व्हायला पाहिजेस" असं आपण म्हणतो तेव्हा गोष्टीतला देव बाजूला पडतो आणि मुलाच्या अंगावर एक काम येऊन पडतं. म्हणून माझी पहिली विनंती: गोष्ट संपली की तात्पर्य सांगू नका. सवयीने ओठांवर येईल, तरी सांगू नका.

आता क्रमाबद्दल. पवित्र शास्त्र ६६ पुस्तकांचं आहे आणि पहिल्या पानापासून सुरुवात करावी असा काही नियम नाही. उत्पत्ती क्रमाने वाचत गेलात तर १९व्या अध्यायात सदोम शहराचा नाश येतो, २२व्यात अब्राहाम आपल्या मुलावर, इसहाकावर सुरी उचलतो, ३४व्यात दीनेवरच्या अत्याचाराची हकीकत येते. पाच वर्षांचं मूल गोष्टीत नेहमी मुलाच्या जागी उभं राहतं. अब्राहामाची परीक्षा त्याला कळत नाही. त्याला कळतं ते हे, की बाबांनी मुलाला बांधलं. तो अध्याय नऊ-दहा वर्षांपर्यंत थांबू शकतो. थांबलात म्हणजे लपवलंत असं होत नाही.

मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. १६ अध्याय, छोटे छोटे प्रसंग, पुढे काय झालं ते पटकन सांगणारी भाषा. त्यातलेही निवडक घ्या: छप्पर उसकटून खाली सोडलेला पक्षाघाती, वादळ, याईराची मुलगी, पाच हजारांचं जेवण, बाळकांना जवळ घेणं. ज्या गोष्टींत लहान मूल आहे त्या आधी घ्या. जुन्या करारातली शमुवेलाची हाक सुंदर आहे. देव हाक मारतोय हे त्या मुलाला तीन वेळा ओळखता येत नाही, तो तीनदा एली ह्या म्हाताऱ्या याजकाकडे धावतो आणि त्याबद्दल कुणी त्याला रागावत नाही. 'दुसरे राजे' ह्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नामान नावाच्या सेनापतीच्या घरची दासी मुलगी आहे. घरापासून तोडून पकडून आणलेली, नावही दिलेलं नाही, पण सगळी गोष्ट तिच्या एका वाक्याने सुरू होते. योहानाच्या सहाव्या अध्यायात जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या घेऊन आलेला मुलगा आहे. आपल्याएवढं कुणीतरी ह्या पुस्तकात आहे, हे मुलांना फार महत्त्वाचं वाटतं.

एक प्रसंग कसा वाचायचा ते जवळून दाखवते. मार्क ४:३५ ते ४१ घ्या, येशू होडीत झोपलेला असताना वादळ उठतं आणि तो ते शांत करतो, तो प्रसंग. सातच ओव्या आहेत. एकदा सलग, सावकाश, आवाजाची नाटकं न करता वाचा. वाचण्यापूर्वी प्रस्तावना नको, मध्ये थांबून शब्दार्थ नको. मग पुस्तक मांडीवर तसंच उघडं ठेवून थोडं गप्प बसा. हे गप्प बसणं मोठ्यांना सगळ्यांत अवघड जातं, कारण आपल्याला वाटतं मूल कंटाळलं. ते कंटाळलेलं नसतं, चित्र जुळवत असतं. तुम्ही मनातल्या मनात दहापर्यंत मोजा हवं तर. मग एकच प्रश्न विचारा: "ह्यातलं तुला काय आवडलं?" किंवा "तू कुठे बसली असतीस?" येशूने वाऱ्याला काय म्हटलं, शिष्य किती होते, असले प्रश्न परीक्षेचे. त्यांचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक असतं आणि मुलालाही ते ठाऊक असतं.

माझ्या वर्गात हाच उतारा वाचल्यावर एका मुलाने बराच वेळ विचार करून विचारलं होतं, "दुसऱ्या होड्यांचं काय झालं?" मी पुन्हा पाहिलं. खरंच, ३६व्या ओवीत लिहिलंय की त्याच्याबरोबर दुसऱ्याही होड्या होत्या. मोठी माणसं ते वाक्य ओलांडून जातात, कारण आपलं लक्ष पुढच्या चमत्काराकडे लागलेलं असतं. त्या दिवशी अर्धा तास वर्गात तेवढीच चर्चा चालली. त्या होड्यांतल्या लोकांना येशू झोपलाय हे माहीतच नव्हतं, कुणी हाक मारली हेही माहीत नव्हतं, तरी वारा त्यांच्यासाठीही पडला. हे मुलांनीच शोधून काढलं, मी एक शब्द सुचवला नव्हता. मी तिथे तात्पर्य सांगितलं असतं तर "घाबरू नका, देवावर भरवसा ठेवा" एवढंच सांगितलं असतं, आणि ते त्यांनी आधी शंभर वेळा ऐकलेलं होतं.

तसंच याईराच्या मुलीचं. मेली म्हणून सगळे रडत असलेली बारा वर्षांची मुलगी उठून चालू लागते, सगळे थक्क होतात, आणि येशू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. ह्या एका वाक्यावर लहान मुलं खुश होतात. भूक लागलेली असणार हे त्याला कळलं! देव आपल्याकडे किती बारकाईने बघतो हे त्यांना शब्दांत सांगावं लागत नाही.

सोफिया कावालेत्ती नावाच्या हिब्रूच्या अभ्यासक होत्या, रोमच्या. त्यांनी १९५४मध्ये मुलांसोबत शास्त्र वाचायला सुरुवात केली. माँटेसरी पद्धतीत तयार झालेल्या जान्ना गोब्बी त्यांच्या सहकारी होत्या. दोघींनी वर्षानुवर्षं मुलांचं निरीक्षण केलं आणि तीन ते सहा वर्षांची मुलं सर्वांत जास्त कशाशी रमतात हे त्यांना दिसलं: योहानाच्या दहाव्या अध्यायातला चांगला मेंढपाळ, जो आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. चांगलं-वाईट, पाप, निवड ह्या गोष्टी साधारण सहा वर्षांनंतर मुलांच्या मनात स्वतःहून उभ्या राहतात. त्याआधी मुलाला हवं असतं ते इतकंच, की मला ओळखणारं कुणीतरी आहे. माझा अनुभव ह्याच्याशी तंतोतंत जुळतो. साडेपाचव्या वर्षी पापाचा हिशेब सुरू करण्याची घाई करू नका. मला ओळखणारं कुणीतरी आहे, हा पाया आधी पडू द्या.

आता नोहा. ती बाळांबद्दल पुन्हा विचारेल, आणि तेव्हा तिला उत्तर मिळालं पाहिजे. "ती सगळी वाईट माणसं होती" असं सांगू नका. बाळं वाईट नसतात हे तिला ठाऊक आहे, आणि तुम्ही तिला फसवताय हेही तिला कळेल. उत्पत्तीचा सहावा अध्याय उघडा. तिथे सहाव्या ओवीत लिहिलंय की देवाला मनात दुःख झालं. ते तिला वाचून दाखवा. म्हणा, "मलाही ह्या गोष्टीत वाईट वाटतं. इथे लिहिलंय की देवालाही वाईट वाटलं. सगळं मला समजलेलं नाही." मग नवव्या अध्यायातलं इंद्रधनुष्य वाचा: देव म्हणतो, असा जलप्रलय पुन्हा कधीही येणार नाही. साडेपाच वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. तिला शेवटी जाणून घ्यायचं असतं, आपण सुरक्षित आहोत ना. हे आधी तिच्या अंगाला कळू द्या, जवळ घेऊन वाचा.

वधस्तंभाची गोष्ट मात्र टाळू नका. पुष्कळ आईवडील ती टाळतात आणि मग मूल ती कुठल्यातरी चित्रपटात रक्तासकट पाहतं. मार्कच्या पंधराव्या अध्यायात शरीराच्या यातनांचं वर्णन जवळजवळ नाही. "त्यांनी त्याला वधस्तंभावर खिळलं" इतक्यावर तो पुढे जातो. तेवढंच वाचा, आपल्याकडून भर घालू नका. आणि लहान वयात सोळाव्या अध्यायातली रिकामी कबर त्याच बैठकीत वाचा. मुलाला मृत्यूपाशी सोडून दिवा मालवू नका.

घरात कुणी आजारी असेल, मुलीने प्रार्थना केली असेल आणि माणूस गेलं असेल, तर "देवाला ते हवे होते म्हणून त्याने नेले" असं कधीही म्हणू नका. मूल त्याचा एकच अर्थ काढतं: उद्या देवाला आई हवी झाली तर? आपला मित्र लाजर ह्याच्या कबरेपाशी येशू रडला, हे योहानाच्या अकराव्या अध्यायात आहे. ते वाचा. स्तोत्र १३ वाचा, सहाच ओव्यांचं आहे. "देवा, किती दिवस? मला विसरलास का?" अशी त्याची सुरुवात होते. देवाशी असं बोलता येतं, आणि असं बोलणारं पान देवाच्या पुस्तकातच ठेवलेलं आहे, हे मुलाने लहानपणी ऐकलेलं असेल तर ते मोठेपणी फार उपयोगी पडतं.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. लहानपणी पाठ झालेलं आयुष्यभर राहतं, आणि दुखण्याच्या, एकटेपणाच्या वेळी तेच ओठांवर येतं. पण पाठ करून घेणं आणि पाठ होणं ह्यांत फरक आहे. स्तोत्र २३ सहा ओव्यांचं आहे. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" इथून ते रोज झोपताना पूर्ण म्हणा, काही आठवडे. विचारू नका, तपासू नका. एक दिवस ती तुमच्या आधी पुढचा शब्द म्हणेल. आजींना सांगा की रोज हे स्तोत्र त्यांनी म्हणावं आणि नातीने ऐकावं. त्यांच्या आवाजातलं ते तिला वेगळं लक्षात राहील, आणि घरात वाद न होता त्यांचा वाटाही त्यात येईल.

पाठांतरासाठी बक्षीस, चॉकलेट, तारे देऊ नका. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट ह्यांनी बालवाडीतल्या, चित्र काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला होता. ज्यांना चित्रासाठी बक्षीस मिळेल असं आधी सांगितलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात स्वतःहून कमी चित्रं काढू लागली. आवडीच्या गोष्टीला मोबदला लावला की आवड पातळ होते. वचनाच्या बाबतीत तर मला हे फारच खटकतं. आणि ह्याच्या उलटचं टोक त्याहून वाईट: चुकीबद्दल शिक्षा म्हणून वचन लिहायला लावणं, किंवा "देव बघतोय हं" असं दटावणं. स्तोत्र १३९ देव सतत पाहतो ह्याचं समाधान सांगतं. तीच गोष्ट धाक म्हणून वापरली की मूल देवापासून लपायला शिकतं. हे घरात कुणीही करू नये, आजीनेही नाही, ह्याबाबत तुम्ही ठाम राहा.

तुमच्या यजमानांचा मुद्दा मी हलका मानत नाही. विश्वास लादता येत नाही, आणि लादलेला टिकत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण तिला पुढे ठरवायचं असेल तर काहीतरी ओळखीचं असलं पाहिजे ना? न ऐकलेल्या गोष्टीबद्दल कुणी कसं ठरवणार? त्यांना वाचायला लावू नका. वाचन चालू असताना त्यांनी खोलीत असावं, एवढंच मागा. मुलीने काही विचारलं तर त्यांनी आपलं खरं मत तिला झेपेल अशा शब्दांत सांगावं. प्रश्न विचारलेला चालतो, ही तर ह्या पुस्तकाचीच रीत आहे. निर्गम ह्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडण ह्या सणाचा विधी सांगताना, "तुमची मुलं विचारतील, ह्याचा अर्थ काय" हे आधीच गृहीत धरलेलं आहे. आजही यहुदी घरांत वल्हांडणाच्या रात्री सर्वांत धाकट्या मुलाच्या प्रश्नांनी ती कथा सुरू होते. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देनेतून बारा धोंडे काढून रचले, तेही मुलांनी पुढे "हे काय?" म्हणून विचारावं यासाठीच.

आता तुमचं स्वतःचं. तुमच्या पत्रातल्या त्या शेवटच्या ओळीसाठीच खरं तर मी एवढं लांब उत्तर लिहायला घेतलं.

मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन येतो. शिष्यांकडून काही झालेलं नाही, भोवती वादावादी चालली आहे. तो येशूला म्हणतो, "आपल्याला काही करता येत असेल तर..." ह्या "तर"मध्ये त्याची सगळी अवस्था आहे. आणि मग तो ओरडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही एकाच वाक्यात. येशू त्याला आधी स्वतःचा विश्वास नीट करून ये असं सांगत नाही. मुलाला बरं करतो. हा बाप अर्धवट विश्वास घेऊन आला होता, पण मुलाला घेऊन आला होता. ताई, तुम्हीही तेच करताय. त्यात खोटं काय आहे?

खोटं कधी होईल, तर तुम्हाला पटत नसलेली खात्री आवाजात आणून दाखवलीत तर. मुलं आवाज फार अचूक ओळखतात. म्हणून "मला माहीत नाही", "मलाही हे अवघड वाटतं", "चल, दोघी मिळून देवाला विचारू" ही वाक्यं मोकळेपणाने वापरा. तिच्यासाठी वाचताना तुम्ही स्वतःसाठीही वाचा. दिवसभराच्या धावपळीत तुमच्या वाट्याला त्या सातच ओव्या आल्या तरी चालतील. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य ह्याला लिहितो की तुझा विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके ह्यांच्या ठायी होता, आणि बालपणापासून तुला पवित्र शास्त्र माहीत आहे. तीमथ्याचा बाप ग्रीक होता. तो विश्वास ठेवणारा होता असं प्रेषितांची कृत्ये कुठे म्हणत नाहीत. म्हणजे आजी, आई आणि बाजूला बसलेला बाप, असं घर शास्त्रात आधीच आहे.

व्यवहाराचं थोडं राहिलं. पाच ते सात मिनिटं पुरे, फार तर दहा-बारा ओव्या. रोज जमलं तर उत्तम, आठवड्यात चार दिवस जमलं तरी पुष्कळ. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना असे चार वेळ सांगितले आहेत. तेव्हा झोपतानाची वेळ भांडणाची झाली असेल तर ती सोडा आणि सकाळी वेणी घालताना एक गोष्ट तोंडी सांगा. सचित्र बालशास्त्र वापरायला हरकत नाही, पण घेताना शेवटचं पान वाचून बघा. प्रत्येक गोष्टीखाली "आपणही असे वागू या" असं छापलेलं असेल तर ती ओळ वाचू नका. आणि महिन्यातून दोन-चार वेळा तरी मोठं पुस्तक काढून त्यातलीच मूळ ओवी वाचा, शब्द अवघड असले तरी. आपण मोठ्यांच्याच पुस्तकातलं ऐकतो आहोत, ह्याचं मुलांना अप्रूप असतं.

तिने तीच गोष्ट पुन्हा मागितली तर तीच वाचा, सलग पंधरा दिवस मागितली तरी. तिला त्यात काहीतरी सापडलेलं असतं आणि ते पुरतं पाहून झालेलं नसतं. "ही झाली ना कालच" असं म्हणून पुढे ढकलू नका. आणि एखाद्या रात्री ती नको म्हणाली, तर पुस्तक बंद करा, तिच्या डोक्यावर हात ठेवून एका वाक्यात प्रार्थना करा आणि झोपू द्या. प्रार्थना तिच्या वागण्याबद्दल नको. आज तिने पाहिलेल्या, तिला आवडलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल आभार माना. पुढची गोष्ट कोणती वाचायची हे दुसऱ्या दिवशी तिला निवडू द्या. दोन-तीन प्रसंग सांगून विचारा: होडीची की शमुवेलाची?